वर गेलेला हात

माझ्या धाकट्या नागूचं हसणं मला त्या दिवशी सकाळपासूनच पटत नव्हतं. सख्ख्या भावाशी स्नूकरची फायनल, आणि हा मेला पुण्याच्या त्या जिमखान्याच्या पायरीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडतोय, जसा काही लग्नातला मुलीचा मामा. कुणी म्हणालं, "बेस्ट लक, नागेश," की हा म्हणायचा, "आण्णाला द्या हो, माझं काय!" कुणी पाठ थोपटली की मान खाली. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी बघत होते. शेवटी राहवलं नाही.

"नाग्या, इकडं ये."

"काय गं आक्का?" दोन्ही पोरं मला आईऐवजी आक्काच म्हणतात.

"खेळायला आलायस का वाढायला?"

"म्हंजे?"

"पंगतीत वाढपी फिरतो तसा फिरतोयस. ह्याला जिलबी, त्याला लाडू. पोटात काय हाय ते जरा तोंडावर येऊ दे की."

तो परत हसला. "तसं वागावं लागतं, आक्का. लोक बघत्यात."

लोक बघत्यात. लहानपणी पडला तरी आधी इकडंतिकडं बघायचा आणि मग रडायचं की नाही ते ठरवायचा.

थोरला विरूपाक्ष, नागूचा आण्णा, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडं तोंड करून काठीचं टोक कानशीनं घासत उभा होता. काठीला 'क्यू' म्हणतात हे मला ठाऊक आहे, दोन्ही पोरांनी शंभरदा सांगितलंय. पण मी काठीच म्हणते. अंगात त्यानं त्याच्या बापाचं काळं जाकीट घातलं होतं. बाप अंगानं आडवा, हा वाळलेला. जाकीट नुसतं लोंबत होतं.

"विरू, ते जाकीट काढ. एक टाका घालते."

"राहू दे."

"अरे, पोटाशी पिशवी झालीय त्याची."

"आक्का, डोकं खाऊ नको. राहू दे म्हटलं न्हाई का एकदा!"

आवाज चढला तसा माझ्या शेजारच्या बाईंनी पदर सारखा केला. करंदीकरबाई. त्यांचे यजमान स्नूकर संघटनेचे मोठे पदाधिकारी होते. बाई मनानं वाईट नव्हत्या, मला पाठीला टेकायला उशी मागवली होती त्यांनी.

"धाकटा किती हो सभ्य तुमचा," त्या म्हणाल्या. "थोरल्याचा स्वभाव जरा... नाही का?"

"जरा न्हाई, पुष्कळ."

"वडिलांवर गेला असेल."

"बाप गाय होता. हा माझ्यावर गेलाय."

बाईंनी पर्स उघडून वेलदोडा शोधायला घेतला.

आमचे आप्पा, म्हणजे पोरांचे वडील, सांगलीच्या क्लबात मार्कर होते. मोठे लोक खेळायचे आणि हे फळीवर गुण मांडायचे, चेंडू पुसून जागेवर ठेवायचे. क्लब उघडायच्या आधी टेबलाचं हिरवं कापड ब्रशनं झाडायला जायचे तेव्हा दोन्ही पोरांना बरोबर न्यायचे. तिथंच दोघं शिकले. खेळाआधी वागणं शिकवलं त्यांनी. समोरच्यानं चांगला मारला तर टेबलाच्या लाकडावर बोटांनी टकटक करायची. आपला कपडा जरी चेंडूला शिवला तरी आपल्या तोंडानं सांगायचं, कुणी बघितलेलं नसलं तरी. आणि एखादा चेंडू आपण मारला एकीकडं, पडला भलतीकडं, नुसत्या नशिबानं पडला, तर समोरच्याकडं बघून हात वर करायचा. आप्पा म्हणायचे, "म्हंजे सांगायचं, हा माझा न्हवं, देवाचा. माफ कर."

मला ते कधी पटलं नाही. पडला तर पडला, माफी कसली? पण पोरांच्या अंगात ते मुरलं. विरूचा हात वर जायचा तो माशी हाकलल्यासारखा. नागूचा जायचा तो शपथ घेतल्यासारखा, सगळ्या हॉलला दिसेल असा. पेपरवाले त्याचे फोटो काढायचे.

आप्पा गेले तेव्हा नागूचं नाकसुद्धा टेबलापर्यंत पोचत नव्हतं. विरूनं सोड्याच्या बाटल्यांचा लाकडी खोका आणला, त्यावर त्याला उभा केला आणि शिकवायला लागला. ओरडायचा त्याच्यावर, खडू फेकून मारायचा. पण नागूचा चेंडू सरळ जायला लागला, त्या दिवशी हाच गल्लीभर पेढे वाटत फिरला होता, आणि पेढे कशाचे हे कुणाला धड सांगताही येत नव्हतं त्याला.

पुढं दोघंही त्या खेळावरच पोट भरायला लागले. गावोगाव स्पर्धा, क्लबातून शिकवणं. विरूचं नाव झालं ते तापट डोक्यामुळं. हुबळीला एकदा हातातली काठी गुडघ्यावर मोडली त्यानं. चुकला की स्वतःलाच शिव्या घालायचा, "गाढवा, घरी जाऊन गवत खा." स्वतःलाच हां. समोरच्या खेळाडूला त्यानं कधी वावगा शब्द बोललेला मी ऐकला नाही. पण लोकांना काय, आवाज ऐकू येतो, कुणाला ते ऐकू येत नाही.

त्या फायनलमध्ये काय होतं ते सांगते. जिंकेल तो विलायतेला जाणार होता, तिथल्या पोटापाण्याच्या खेळाडूंत नशीब काढायला. जागा एकच. विरू चाळिशीला आलेला. चष्मा लागला होता, आणि मिरजेच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे आणखी वाढत जाणार. ह्या वर्षी नाही गेला तर गेलाच नाही. नागूपुढं अजून उभं आयुष्य होतं. हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण जेवताना ताटाशेजारी बसल्यासारखं ते रोज आमच्यात बसलेलं असायचं.

हॉलमध्ये टेबलावर तेवढा दिवा, बाकी अंधार. खोकायची चोरी. माझे गुडघे आखडून गेले होते. ह्या खेळातलं मला सगळ्यात कळलेलं काही असेल तर ते बसणं. दुसऱ्याची पाळी असली की आपण खुर्चीत बसायचं. तो सगळं घेऊन जाताना बघायचं, आणि तोंडावर काही दाखवायचं नाही. मला वाटतं हा खेळ कुणा बाईनंच काढला असणार.

दुपार टळली तरी दोघं बरोबरीत. शेवटची फ्रेम उरली, म्हणजे शेवटचा डाव. विरू पुढं होता. एक लांबचा चेंडू मारायला तो टेबलावर पार आडवा झाला, एक पाय हवेत. पंच होते मिस्त्रीसाहेब, पांढऱ्या हातमोज्यातले म्हातारे पारशी. ते त्याच्या पाठीमागं होते. विरूनं मारला, लाल चेंडू पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि हा सरळ उभा राहून म्हणाला, "फाउल."

मिस्त्रीसाहेब म्हणाले, "काय? मी तर काय नाय बघितला."

"जाकिटाचं बटण शिवलं गुलाबी चेंडूला. फाउल माझा."

मिस्त्रीसाहेबांनी मान हलवली आणि गुण नागूला दिले. विरूची पाळी गेली. तो खुर्चीकडं आला, "गाढवा, टाका घालते म्हणत होती ती!" असं स्वतःशी ओरडला आणि खुर्चीला अशी लाथ घातली की ती भिंतीवर जाऊन आपटली.

"मिस्टर विरूपाक्ष, वॉर्निंग!"

"द्या," विरू म्हणाला आणि खुर्ची उचलून आणून तिच्यावर बसला.

"बाई गं, काय हा संताप," करंदीकरबाई कुजबुजल्या. "इतका छान खेळतो, पण खिलाडूवृत्ती म्हणून नाही."

आत्ताच जे झालं ते त्यांनी बघितलं होतं, मीही बघितलं होतं. दोघींना वेगवेगळं दिसलं, त्याला काय करणार? मी उशी सारखी केली.

मी नागूकडं बघत होते. तो खुर्चीतून उठताना पहिल्यांदाच हसत नव्हता.

एकेक चेंडू जात टेबलावर एकटा काळा चेंडू उरला. म्हणजे आता तो ज्यानं घातला त्याची फ्रेम, त्याची फायनल, त्याचं विमान. पाळी नागूची. काळा पॉकेटच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या भोकाच्या, तोंडाजवळ, काठीनं मारायचा पांढरा त्याच्या सरळ मागं. सोड्याच्या खोक्यावर उभा राहायचा तेव्हासुद्धा त्यानं असला चेंडू चुकवला नसता. मी विरूकडं बघितलं. त्यानं चष्मा काढून जाकिटाला पुसला होता आणि तो परत न घालता हातात धरून बसला होता. संपलं हे त्याला कळलं होतं. तोंडावर काही नव्हतं. आप्पांनी शिकवलेलं बसणं.

नागू वाकला. मारला.

काळा पॉकेटच्या ओठाला लागला, हलला, आणि तिथंच लटकत राहिला.

"अरेरे!" सगळा हॉल बोलला. आणि त्या 'अरेरे'मध्येच नागूचा हात वर गेला. तसाच, शपथ घेतल्यासारखा. विरूकडं बघून.

चुकल्यावर हात कोण वर करतं? हात वर करायचा तो फुकटचं पदरात पडलं तर. चुकला माणूस कपाळाला हात लावतो, जीभ चावतो, विरूसारखा असेल तर शिवी घालतो. माफी मागत नाही. ज्याला चेंडू तिथंच ठेवायचा होता, आणि तो तिथंच राहिला, त्याचाच हात असा सवयीनं वर जातो.

नागूच्याही लक्षात आलं असावं. हात अर्ध्यातून खाली आला आणि त्यानं तो केसांतून फिरवला. पण विरूनं बघायचं ते बघितलं होतं.

विरू उठला. चष्मा घातला. काठीच्या टोकाला खडू लावला, सावकाश, चारी बाजूंनी. वाकला. फुंकर घातली तरी पडेल असा काळा समोर. करंदीकरबाईंनी माझा हात धरला. तो वाकलेलाच राहिला, आणि मला त्याच्या मानेची शीर दिसत होती. मला वाटलं, आता काठी मोडतोय. मोडू दे बाबा, मनात म्हटलं, मोडून टाक एकदाची.

तो उभा राहिला. काठीचे दोन भाग फिरवून सोडवले, बगलेत धरले, आणि नागूच्या खुर्चीसमोर जाऊन हात पुढं केला.

ह्या खेळात हार मानायची तर आपली पाळी असतानाच मानता येते. हात पुढं केला की संपलं.

"आण्णा, असं काय करतोस? मार की," नागू म्हणाला. मी पहिल्या रांगेत होते म्हणून ऐकू आलं.

"तुझा हात वर गेला, नाग्या."

"चुकून गेला."

"व्हय. तेवढाच चुकून गेला."

नागू बसूनच. विरूनं खाली वाकून त्याचा हात धरून उचलला, मिळवला आणि सोडून दिला. मग मिस्त्रीसाहेबांना नमस्कार केला आणि बाजूच्या दारानं निघून गेला. ओरडला नाही, आपटलं नाही काही. आयुष्यात पहिल्यांदा तो शहाण्यासारखा वागला, आणि त्याच दिवशी लोकांनी त्याला शिट्ट्या मारल्या.

बक्षीस द्यायच्या वेळी करंदीकरसाहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, जिंकायचा चेंडू समोर असताना तो टाकून जाणं हा खेळाचा अपमान आहे, प्रेक्षकांचा अपमान आहे. आधी खुर्चीला लाथ, मग हे. विरूपाक्षवर संघटना बंदी घालत आहे. आणि ह्याउलट त्याचाच धाकटा भाऊ बघा, चेंडू चुकला तरी ज्यानं हात उंचावून हसतमुखानं ते स्वीकारलं! त्याला विजेत्याच्या करंडकाबरोबर खिलाडूवृत्तीचा खास चषक. टाळ्या थांबेनात. करंदीकरबाईंचे डोळे भरून आले होते. नागू स्टेजवर उभा होता. मला वाटलं, आता बोलेल, आता माईक घेईल. त्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "मी आण्णाच्या वतीनं सगळ्यांची क्षमा मागतो."

मी उशी खुर्चीवर ठेवली आणि बाहेर आले.

अंगणात कडुनिंबाखाली आमची भाड्याची जीप उभी होती. तिच्या पायरीवर काठीची पेटी मांडीवर घेऊन विरू बसला होता. मला बघितल्यावर उठला आणि फाटकाशी चहावाला होता त्याच्यावर खेकसला, "बिनसाखरेचा म्हटलं होतं ना? आक्काला साखर हाय, कळत न्हाई का तुला?" चहावाल्यानं दुसरा दिला. तो त्यानं मला आणून दिला.

"सांगितलं का न्हाईस त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगू? मुद्दाम हरणाऱ्याला जन्माचा बाहेर काढत्यात, आक्का. माझी बंदी संपंल कवातरी."

"आणि डोळे?"

"जाकीट काढतो," तो म्हणाला. "उकडतंय."

त्याची बंदी संपली, पण तो परत कुठल्या स्पर्धेत उतरला नाही. आज सांगलीत पोरांना शिकवतो, अजून खडू फेकून मारतो, तरी पोरं त्याला सोडून जात नाहीत. नागू विलायतेला गेला, काही वर्षं खेळला, बरा खेळला. आता टीव्हीवर सामन्याच्या मधे बसून बोलतो. परवाच कुठंसं खिलाडूवृत्तीवर बोलत होता. नातवंडांनी मला बोलावलं, "आज्जी, काका बघ." मी म्हटलं, माझे डोळे दुखतात. खरं म्हणजे दुखत नव्हते. कंटाळा आला होता मला. एकच माणूस किती वर्षं तेच हसतो.

पण ते नंतरचं. त्या दिवशी चहा अर्धा झाला होता तेव्हा नागू आला. दोन्ही हातांत दोन कप, मागं चारपाच माणसं. त्यांना त्यानं फाटकातच थांबवलं. विरू जीपमध्ये पुढं जाऊन बसला, तोंड पलीकडं.

नागूनं कप खाली ठेवले आणि माझ्या पायाशी वाकला. मी पाय मागं घेतले.

"आक्का?"

"आत जा. लोक हायत अजून. सांग त्यांना काळा कसा राहिला ते."

त्यानं आधी फाटकाकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तू पण तसंच समजतीस? अगं, त्याच्यासाठीच केलं. त्याचं हे शेवटचं होतं. मला काय, पुढच्या वर्षी गेलो असतो."

"जा, हेच सांग."

"आणि त्यानं स्वतःहून फाउल सांगितला नसता तर तोच जिंकला असता. त्याचं होतं ते मी त्याला परत केलं. ह्यात वाईट काय केलं?"

"त्यानं खरं सांगून घालवलं. तू खोटं मारून परत करतोस व्हय?"

"आक्का, मला काढून टाकतील. लोक काय म्हणतील?"

"मग त्याला म्हणत्यात ते चालतंय?"

जीपमधून विरूचा आवाज आला. "आक्का, सोड त्याला. चल, उशीर होतोय."

नागू हसला. अशा वेळीसुद्धा हसला तो. "बघ, आण्णा स्वतःच सोड म्हणतोय. तू कशाला एवढं मनाला लावून घेतीस? त्याचं भलंच बघितलं मी."

मी उरलेला चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि उठले. गुडघे वाजले. फाटकातली माणसं बघत होती. बघू देत म्हटलं, आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"ऐक नाग्या. तो खुर्चीला लाथ मारतो, काठी मोडतो, लाकडाला लागतं ते. तू हसत हसत मारलंस, ते माणसाला लागलं. तुला खोक्यावर उभा केला त्यानं, बरोबरीचा व्हावास म्हणून. झालास, आणि पहिल्यांदा काय केलंस तर त्याला पंगतीला बसवलंस. सकाळी मी चेष्टेनं म्हटलं होतं, ते खरं निघालं. खेळायला आला न्हवतास तू. वाढायला आला होतास. आणि भावाच्या पानात वाढलंस ते पण उष्टं."